कापसाचे बोळे

"वीज नाही, माग बंद, एवढा एक दिवस मिळतो तर माणसानं जरा पाठ टेकावी. आणि ही बया रहाट घेऊन बसलीया," मी म्हटलं. "मालन, अगं कुणासाठी भरतीस कांड्या?"

"माग सुरू झाला की लागतील की, आक्का," ती म्हणाली. "भरून ठेवलेलं बरं."

इचलकरंजीत तेव्हा आठवड्यातून एक दिवस आमच्या भागातली वीज बंद असायची. एरवी घराला लागूनच्या शेडमध्ये चार माग खडखडत. त्या आवाजात आम्ही जेवायचो, भांडायचो, झोपायचो. धोट्यात आडव्या सुताची लाकडी कांडी बसवावी लागते, ती भरायचं काम घरातल्या बायकांचं. मी थोरली जाऊ, मालन धाकटी. कांडी मशीनवर भरायची सोय असताना वीज नसलेल्या दिवशीही ही हातानं फिरवायचा जुना रहाट काढून बसायची. मला त्याचा रागही यायचा आणि कीवही यायची.

चहाचा कप तिच्यापुढं ठेवायला मी वाकले आणि माझा हात तिथंच थांबला. तिच्या हिरव्या पोलक्यावर दोन ओले डाग होते. पाणी सांडल्याचे नव्हेत. दोन पोरं अंगावर पाजलेली बाई मी, तो डाग मला कुणी सांगायला नको.

"काय गं हे?"

तिनं घाईघाईनं पदर ओढला. तोंड पांढरंफटक पडलं. "कुणाला सांगू नका, आक्का. पुन्हा येड लागायलंय का हो मला?"

"येडानं कुणाला दूध येतं व्हय? कधीपासनं येतंय?"

"झाले चार-पाच रोज. आंघोळीच्या वेळंला कळलं."

"आणि बाहेर कधी बसलीस शेवटची?"

तिनं आठवायला वेळ घेतला. "शिमग्याच्या आधी."

चैत्र सरत आला होता. मी मटकन खालीच बसले. "मालन, अगं बये, तुला दिवस गेलेत!"

ती माझ्याकडं बघत राहिली. गोळ्या सुरू झाल्यापासून तिचा चेहरा घट्ट झाला होता. हसू ओठांवर यायला वेळ लागायचा, कधी कधी वाटेतच राहायचं. त्या दिवशी मात्र ते आलं, अख्खं आलं. तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले आणि रहाट तसाच फिरत राहिला.

आता गोळ्यांचं सांगते. लग्नाला चार वर्षं झाली तेव्हा मालनला माग बोलताहेत असं वाटायला लागलं. आधी आम्ही हसण्यावारी नेलं. मग ती सांगायला लागली, माग तिला शिव्या देतात, वांझोटी म्हणतात, विहिरीकडं जा म्हणतात. कापसाचे बोळे कानात खुपसून ती दिवसभर कोपऱ्यात बसायची. कापूस काढायला गेलं की बोचकारायची. आत्याबाईंनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, जे जे करायचं ते सगळं केलं. अंगारे झाले, नवस झाले, एक भगतही येऊन आडवातिडवा नाचून गेला. शेवटी म्हादू भावजी, म्हणजे तिचा नवरा, घरात कुणाला न विचारता तिला मिरजेच्या डॉक्टर उपळेकरांकडं घेऊन गेले. त्यांनी पिवळी गोळी दिली. महिना-दीड महिन्यात मालननं स्वतःच्या हातानं कानातला कापूस काढून चुलीत टाकला. त्या दिवशी मी देवापुढं साखर ठेवली होती.

मधे एकदा डॉक्टरांनी गोळी निम्मी करून बघितली. आठच दिवसांत ती विहिरीच्या काठावर जाऊन उभी राहिली. मग पुन्हा पूर्ण गोळी.

बाई सुधारली, कामाला लागली, पण कूस रिकामीच. आत्याबाईंनी हुपरीची एक पोरगी बघून ठेवली होती. आमच्यापासून काही लपवलंही नव्हतं. "दिवाळीपतुर वाट बघायची," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या. "मग हिला भावाकडं पोचवायची. म्हादूचा वंश बुडवू का मी हिच्यापायी?" मालन तिथंच बसून शेंगा फोडत होती. एक शेंग तिच्या हातातच राहिली. तेव्हापासून घरात दिवाळीचं नाव निघालं की ती उठून जायची.

म्हणून त्या ओल्या डागाची बातमी मी उड्या मारतच आत्याबाईंना सांगितली. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग मालनकडं, मग देव्हाऱ्याकडं. आणि त्या बाईनं, जिनं इतक्या वर्षांत सुनेला जवळ घेतलं नव्हतं, तिनं मालनच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

"पण आत्याबाई," मी म्हटलं, "मला सातव्याच्या आधी थेंब दिसला नव्हता. हिला दुसऱ्यातच कसं काय?"

"तुझं तुला ठाव. माझ्या आईला धाकट्याच्या वेळंला दुसऱ्यातच पान्हा फुटला हुता. उगं फाटे फोडू नगंस."

आणि खरं सांगायचं तर मलाही फाटे फोडायचे नव्हते. घर पहिल्यांदाच गोड बोलत होतं.

संध्याकाळी म्हादू भावजी बाजारातून आले. बातमी ऐकून ते नुसतेच उंबऱ्यात बसले. चप्पलसुद्धा काढायचं भान राहिलं नाही त्यांना. गोळीची वेळ झाली, तशी मालन फडताळापाशी गेली आणि आत्याबाई तिच्या आडव्या आल्या.

"पोटात लेकरू आणि वर ह्या येडाच्या गोळ्या? हात लावायचा न्हाई."

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय, एक दिवस चुकवायची न्हाई," भावजी म्हणाले.

"डॉक्टरला ठाव हुतं का ही गरवार ऱ्हाईल म्हणून?"

"मग इचारून येतो की मिरजेला जाऊन. अर्ध्या दिवसाचं काम."

"अजाबात न्हाई! चोरओटी झाल्याबिगर बाहेर एक शबूद जाता कामा नये. एवढ्या वर्सांनी देवानं तोंड उघडलंय, दृष्ट लागली म्हंजे?"

चोरओटी तिसऱ्या महिन्यात भरतात, गुपचूप, घरातल्याच बायकांनी. आमच्याकडं ती होईपर्यंत शेजारणीलाही सांगत नाहीत, डॉक्टरला तर नाहीच नाही. मीही माझ्या दोन्ही वेळेला हेच पाळलं होतं. त्यात चूक आहे असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही.

भावजी तरी अडून बसले होते. तेव्हा मालनच बोलली. "मी न्हाई घेणार, अहो. हे औषध डोक्यात जातंय. बाळाच्या डोक्यात नको जायला."

"आणि तुझं डोकं?"

"माझं गेलं तर गेलं," ती म्हणाली. "ते तर आधी एकदा गेलंच हुतं की."

तिनं डबी आत्याबाईंच्या हातात दिली. भावजींनी तिच्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. त्या माणसालाही बाप व्हायचं होतं, त्याला तरी काय बोल लावू?

पुढचे आठवडे तिच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे असावेत. गोळी सुटली तसा चेहऱ्याचा घट्टपणाही सुटला. ती गुणगुणायची. आंबट खायची, मुद्दाम माझ्यासमोर खायची. आत्याबाई तिला मशीनला हात लावू देईनात, तर ती लपून कांड्या भरायची. मी ओरडले की म्हणायची, "बाळाची आई रिकामी बसली तर बाळ आळशी व्हईल." मी माझ्या पोरांची टोपडी पेटीतून काढून धुऊन वाळत घातली, तीही आतल्या खोलीत, कुणाला दिसू नयेत म्हणून. ती टोपडी बघत मालन बसून राहायची आणि मला सारखं विचारायची, एवढंसं डोकं असतंय का हो खरंच?

एक दिवस ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आक्का, दूध कमी झालंया."

"आटतं, परत येतं," मी म्हटलं. मला काय माहीत?

चोरओटीला आत्याबाईंनी वीज बंद असायची तोच दिवस धरला. कामगार नसतात, कुणाची ये-जा नाही. दार लावून घेतलं. पाट मांडला, भोवती रांगोळीच्या दोन रेघा. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, नारळ, तांदूळ, हळकुंडं. मालन पाटावर बसली. इतकी सुंदर दिसत होती की माझीच दृष्ट लागेल असं मला वाटलं. आत्याबाईंनी कुंकू लावलं. मी तांदळाची ओंजळ तिच्या पदरात घालायला लागले.

तेवढ्यात तिनं कपाळाला आठ्या घातल्या. "आक्का, तेवढे माग बंद करायला सांगा की. वटी भरताना तरी."

माझी ओंजळ हातातच राहिली. घरात इतकी शांतता होती की बाहेर चिमण्या दाणे टिपत होत्या ते ऐकू येत होतं. आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं.

"माग बंदच हाईत, मालन," मी म्हटलं. "सकाळधरनं."

"मग ते कोण..." एवढं म्हणून ती थांबली. तिला कळलं. आम्हाला कळायच्या आधी तिला कळलं. तिनं पदरातले तांदूळ घट्ट धरले आणि जोरजोरात म्हणायला लागली, "न्हाई, न्हाई, कायबी न्हाई. भरा तुम्ही. लवकर भरा." मी भरली. अर्धे तांदूळ जमिनीवर सांडले.

त्यानंतर दोन दिवसांनी ती न्हाणीतून बाहेर येईना. मी आत गेले तर ती ओल्या फरशीवर बसलेली, कानात कापसाचे बोळे, आणि साडीला रक्त. "त्यांनी सांगितलं हुतं मला," ती मला म्हणाली, "सांगितलं हुतं की नेणार म्हणून. नेलं बघा."

आत्याबाईंनी कपाळ बडवून घेतलं. गर्भ पडला असंच सगळे धरून चाललो होतो आम्ही. भावजींनी यावेळी कुणाचं ऐकलं नाही. टॅक्सी केली, मला बरोबर घेतलं आणि मिरज गाठली.

आधी तिथल्या बायकांच्या डॉक्टरीणबाईंनी मालनला आत नेऊन तपासलं. मग आम्हाला डॉक्टर उपळेकरांसमोर बसवलं. उंच, वाकलेला माणूस, बोलताना समोरच्याकडं नीट बघणारा. मालन खुर्चीत अंग चोरून बसली होती, कानात बोळे तसेच.

"गर्भ पडलेला नाही," डॉक्टर म्हणाले.

भावजी अर्धवट उठलेच. "म्हंजे हाय अजून?"

"नाही हो. बसा. गर्भ नव्हताच. ही पाळी आली आहे, साधी, महिन्याची."

"असं कसं? दूध येत हुतं तिला! मी स्वतः बघितलंय," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "दोन पोरांची आई हाय मी, मला दूध कळत न्हाई व्हय?"

"दूध खरंच होतं, बाई. पण ते गोळीचं होतं."

त्यांनी मालनपुढं हात केला. "मालनताई, एक बोळा द्या मला." कुणाला हात लावू न देणारी ती, तिला काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं उजव्या कानातला काढून दिला. डॉक्टरांनी तो चिमटीत धरला.

"मेंदूत एक रस असतो, डोपामिन म्हणतात. तो एका पेशीकडून दुसरीला हाका मारतो. त्या हाका ऐकायला पेशींना कान असतात असं समजा. आम्ही त्यांना रिसेप्टर म्हणतो. यांच्या मेंदूत एका ठिकाणी या हाका फार वाढतात. मग नसलेलं ऐकू येतं. मालनताई बाहेरच्या कानात बोळे घालतात, त्याचा काही उपयोग नाही. माझी गोळी आतल्या कानांत बोळे घालते. म्हणून आवाज थांबले होते."

"मग दुधाचं काय?" भावजींनी विचारलं.

"गोळीला पत्ता सांगता येत नाही. मेंदूच्या खालच्या अंगाला एक ग्रंथी असते, दुधाचा हुकूम तिथून सुटतो. एरवी डोपामिन तिला सारखा सांगत असतो, थांब, आत्ता नाही, थांब. गोळीनं त्याही कानांत बोळे घातले. थांब म्हटलेलं तिला ऐकूच येईना. म्हणून दूध आलं, म्हणून पाळी थांबली. तुम्ही गोळी बंद केलीत, बोळे निघाले. दूध आटलं, पाळी आली. आणि आवाजही आले." मग म्हणाले, "मी हे आधी विचारायला हवं होतं. बायका सांगत नाहीत, आणि मीही विचारलं नाही."

"मग तेवढे दुधाचे बोळे काढा की," मी म्हटलं. "आवाजाचे राहू द्या."

"तेवढेच काढता येत नाहीत. दूध थांबवायची गोळी आहे, पण ती डोपामिनसारख्याच हाका मारते. ती दिली की डोक्यातला गोंगाट पुन्हा उठण्याची भीती. आणि ही गोळी निम्मी करून आपण एकदा बघितलंय."

"आणि मूल?" भावजी म्हणाले. "गोळी चालू असताना..."

"पाळीच बंद राहिली तर मूल राहणं अवघड आहे."

"आणि गोळी बंद ठेवून?"

डॉक्टरांनी फक्त मालनकडं बघितलं. आम्हीही बघितलं. बोळा काढलेल्या कानावर तिनं तळवा दाबून धरला होता आणि तिचे ओठ हलत होते, कुणाला तरी उत्तर देत होती.

भावजी रडायला लागले. असं, गडीमाणूस, परक्यासमोर, तोंडावर रुमालही न धरता. मी कधी देवावर चिडले नव्हते, त्या दिवशी चिडले. अरे, घ्यायचं तर एक घे! डोकं घे नाहीतर कूस घे. एकाच दोरानं दोन्ही कशाला बांधलीस?

तेवढ्यात मालननं तळवा खाली घेतला. "डॉक्टर," ती म्हणाली. अगदी नीट, भानावर असल्यासारखी. "गोळी परत चालू केली की दूध परत येईल?"

डॉक्टरांनी बोळा टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "बहुतेक येईल."

"मग द्या."

आणि तिनं हात पुढं केला. हातातल्या हिरव्या बांगड्या वाजल्या. चोरओटीच्या त्या बांगड्या काढायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

गोळी लागू पडली. पावसाळा संपेपर्यंत आवाज गेले. पाळी पुन्हा थांबली, पोलक्यावर पुन्हा डाग दिसायला लागले, आणि आता घरात कुणी बोटं मोडली नाहीत. आत्याबाईंना मी डॉक्टरांचं सगळं समजावून सांगितलं, बोळ्यांसकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे हिला व्हायचं न्हाई." एवढंच त्यांच्या डोक्यात राहिलं. आणि ते खोटंही नव्हतं, मी काय भांडू? तरी भांडले. पुष्कळ भांडले. आमच्या ह्यांनी मला आत ओढून नेलं.

दिवाळीच्या आधी मालनचा भाऊ आला आणि तिला कुरुंदवाडला घेऊन गेला. जाताना तिनं टोपलीभर भरलेल्या कांड्या माझ्यापुढं ठेवल्या. "चार-पाच रोज पुरतील," म्हणाली. भावजी तेव्हा शेडमध्ये होते. माग चालू होते. ते बाहेर आले नाहीत. हुपरीची पोरगी माघात आली. चांगली होती बिचारी, तिला पोरही झालं. त्या पोराच्या बारशाला मी आजाराचं निमित्त करून पडून राहिले.

बारा-तेरा वर्षांनी मला कुरुंदवाडला जाणं झालं. तोवर आत्याबाई गेल्या होत्या, आमचे दोन माग विकले गेले होते. मालनच्या भावजयीनं चहा केला. बाई मनाची बरी वाटली.

"वन्संचा काही त्रास न्हाई," ती म्हणाली. "भांडी, धुणी, सगळं करतात. आणि गोळीचं म्हणाल तर त्यांना कधी आठवण करावी लागत न्हाई. दिवे लागले की स्वतःच मागून घेतात. डॉक्टर म्हणतात, असा पेशंट बघितला न्हाई, एक गोळी चुकवत न्हाई."

मालन मागच्या पडवीत शेवया वळत बसली होती. केस पिकले होते. मला बघितलं, आणि तेच हसू, सावकाश, अर्ध्या वाटेत थांबलेलं. मी तिच्याशेजारी बसले. इकडचं तिकडचं बोललो. मग मी विचारलं, "आवाज येतात का गं?"

"न्हाई. सगळं शांत हाय." मग इकडं तिकडं बघून तिनं पदर थोडा बाजूला केला. पोलक्याच्या आत मऊ जुन्या धोतराची घडी होती, दोन्हीकडं एकेक, नीट शिवलेली. एक ओली झाली होती. तिनं ती काढली आणि दुसरी कोरडी ठेवली, अगदी सवयीनं.

"अजून येतंय बघा, आक्का."

"मालन, अगं, डॉक्टरांनी सांगितलं हुतं की तेव्हा. ते गोळीचं हाय. ते काही खरं..."

"ठाव हाय की मला," ती म्हणाली. "मी आता येडी हाय व्हय?"

ओली घडी तिनं पिळली, झटकली, आणि दोरीवर वाळत घातली. तिथं तशा आणखी चार घड्या होत्या.

"पण भरून ठेवलेलं बरं, आक्का."